फौजदारानं अन्न सोडलं

छावणी, छत्रपती संभाजीनगर
श्रावण

प्रिय सुमन,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. माहेरी गेलीस तर जाऊन जाऊन जाणार कुठं? पडेगावला! छावणीतून सायकलवर टांग टाकली की चहाच्या वेळेपर्यंत मी तुझ्या दारात. पत्र लिहायला माणूस जरा लांब असावं लागतं. आता आहेस तेवढी लांब, म्हणून बसलोय लिहायला.

नुसती आठवण आली म्हणून लिहीत नाही हं! आठवण काय, गॅसचा लायटर सापडला नाही तरी येते. आज लिहितोय कारण तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय. लहानपणी माहेरच्या नाल्याकाठी बसून तू स्वतःला विचारलास आणि शेवटपर्यंत सोडला नाहीस, तोच प्रश्न. "सावली पडली की पिलं जात्यात कुठं?" सकाळी उत्तर डोळ्यांनी बघितलं आणि मी स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "अगं, लवकर इकडं ये!" हाक मारून झाल्यावर लक्षात आलं. मग काय करणार? कागद घेतला.

पण उत्तर लगेच सांगणार नाही. तू तरी मला कुठलं उत्तर सरळ दिलंस कधी? आधी फौजदाराची तक्रार ऐक.

तुझं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आपली वैशाली बाळाला घेऊन पुण्याला गेली आणि घरात मी आणि तुझे मासे उरलो. त्यातल्या मोठ्या डोकऱ्या माशानं अन्न सोडलं. त्याला मी फौजदार म्हणतो हे तुला कधी आवडलं नाही. "मासा हाय तो. त्याला कशाला बारसं?" म्हणायचीस. पण दिवसभर टाकीत गस्त घालणाऱ्या, समोर येईल त्याच्या अंगावर धावून जाणाऱ्या, लुगड्याला असावा तसा नारिंगी काठ असलेले पर फुलवून दाखवणाऱ्या वीतभर माशाला दुसरं काय म्हणायचं? गांडूळ दिसलं की झडप घालणारा गडी! आता गांडूळ नाकासमोर वळवळलं तरी तोंड फिरवायचा आणि मडक्याच्या खापरामागं जाऊन बसायचा.

मला काय वाटलं असेल, तूच सांग. रोज तुझ्या हातून खायचा तो. तुझ्या बांगड्या वाजल्या की काचेपाशी यायचा. मी म्हटलं, यालाही कळलं.

शेजारच्या रझियाभाभी डबा घेऊन आल्या, टाकीपुढं उभ्या राहिल्या आणि पदर डोळ्याला लावला. "भाई, इसकू गम लगा. बेजुबान जानवर है, बाजी कू ढूंढ रा बिचारा." मग त्यांची सून आली बघायला, सुनेची बहीण आली. गल्लीत बातमी पसरली की सुमनबाईचा मासा सुतक पाळतोय. एवढं माणसांनी तरी पाळलं का म्हणून दोन बायका आपसात कुजबुजल्यासुद्धा.

खरं सांगू? मला बरं वाटत होतं. भाभींचा डबा मी उघडायचो, दोन घास चिवडायचो आणि झाकण लावायचो. टाकीत तो उपाशी, बाहेर मी. निदान एक तरी सोबती आहे, असं वाटायचं. वेडेपणा आहे, माहीत आहे मला! पण तू गेल्यावर शहाणपणा कुणासाठी दाखवायचा?

तुझे मासे या घरात आले तो दिवस आठवतो का तुला? म्हणजे पहिल्यांदा आले तो. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. पडेगावहून परत आलीस ती कळशी घेऊन. आईला वाटलं, व्याह्यांनी काकवी पाठवली. तिनं कौतुकानं झाकण काढलं आणि आतून एक डोकऱ्या उडी मारून थेट तिच्या पायावर! आई जी किंचाळली! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं कधी. आणि नवी सून मासा घेऊन आलेली, तोही जिवंत.

"खायला न्हाय आणला हो आत्याबाई," तू शांतपणे त्याला ओंजळीत उचलत म्हणालीस, "बघायला आणलाय."

"बघायला? माशात काय बघायचं असतं?" आईनं विचारलं.

"तेच तर बघायचंय."

मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. त्या क्षणी मला कळलं की ही बाई आपल्याला पुरून उरणार आहे.

पुढं क्रांती चौकातल्या माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाशेजारचं मिठाईचं दुकान बंद झालं, तेव्हा त्याचं काचेचं शोकेस मी उचलून आणलं. सांधे बुजवले, खाली चौकट ठोकली. जिथं पेढे आणि बालुशाही बसायची तिथं तू नाल्यातली वाळू पसरलीस, फुटक्या माठाची खापरं उपडी घातलीस, बदामाची वाळकी पानं टाकलीस. पाणी चहासारखं झालं. मी म्हटलं, "हे काय गढूळ केलंस?" तू म्हणालीस, "गढूळ न्हाय, त्यांच्या घरासारखं केलं." लोकांच्या दिवाणखान्यात निळा दिवा आणि सोनेरी मासे असतात. आपल्याकडं चहाच्या रंगाच्या पाण्यात गावचे मासे. येणारा पाहुणा वाकून बघायचा आणि विचारायचा, "मासे कुठंयत?" तू शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता सांगायचीस, "बसा घटकाभर. दिसतील."

दिसायचेही! आरपार दिसणारे काचमासे, पोटाला पिवळी रेघ असलेली खवली, वाळूत तोंड खुपसून बसणारी बारकी मुरी. मी इतकी वर्षं याच मातीत राहिलो, आमच्या पाण्यात इतके रंग आहेत हे मला तू दाखवलंस. बाजारातला मासा विकत आणायचा नाही, हा तुझा नियम. "ते लांबून आलेलं, त्याला हितलं पाणी सोसत न्हाय. आपल्या पाण्यातलं आपल्याला सांभाळता आलं पाहिजे," म्हणायचीस. शिवणाच्या क्लासला येणाऱ्या पोरींना काजं-बटणं शिकवता शिकवता तू मासेही शिकवलेस. जुन्या मच्छरदाणीचं जाळं शिवावं तर तूच! त्याच्या काठाला फॉल लावायचीस, का तर माशाचा पर अडकू नये म्हणून.

मीही माझ्या परीनं हातभार लावला होता बरं का. भंगारातली एक छोटी मोटार वाइंड करून हवेचा पंप करून दिला होता तुला. किती मिरवलो होतो मी! आणि मग कळलं की तुझ्या डोकऱ्यांना त्याची गरजच नाही. ते आपले वर येऊन तोंडानं हवा घेतात. भारनियमनात गावभरच्या टाक्यांतले मासे उलटे व्हायचे आणि आपले आरामात. मी हिरमुसून पंप काढायला गेलो तर तू माझा हात धरलास. "राहू द्या. त्यांना नको असंल, मला पाहिजे. शिवताना घुर्र घुर्र बरं वाटतं." त्यानंतर तो पंप किती वेळा जळला आणि किती वेळा मी तो पुन्हा बांधला! आत्ताही चालू आहे.

आणि ते कणकेचं प्रकरण? ते मी कुणालाही सांगितलं तरी हसू येतं, पण तेव्हा तू रडली होतीस.

कुसुमताईला साडेसाती होती. तिच्या गुरुजींनी सांगितलं, शनिवारी माशांना कणकेच्या गोळ्या घाला. आता माझी बहीण हर्सूलच्या तलावावर कशाला जाते? भावाच्या घरात मासे असताना? ती आली परातभर गोळ्या घेऊन. तिचं बघून शेजारीण आली. तिला गुण आला म्हणे, मुलाची बदली थांबली. मग काय! शनिवार उजाडला की आपल्या दारात चपलांची रांग. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाची प्लॉटची केस. तू क्लासच्या कापडासाठी गुलमंडीला गेली होतीस आणि बायकांनी टाकीत एवढी कणीक घातली की पाण्याचं ताक झालं. काचमासे सगळे गेले. मुरी गेली. डोकरे तेवढे वर तोंड काढून तग धरून राहिले.

तू परत आलीस, बघितलंस आणि खाली बसून रडलीस. मी बाह्या सरसावून निघालो होतो कुसुमताईला दोन शब्द सुनावायला. तू अडवलंस. "त्या वाईट करायला आल्या नव्हत्या. पुण्य करायला आल्या होत्या. पुण्याला नाय कसं म्हणायचं?"

पुढच्या शनिवारी दारातच पाट टाकून बसलीस. पहिली आली ती कुसुमताईच.

"वन्सं, गोळ्या राहू द्या. माशाला कणीक पचत न्हाय. पचंना तर पुण्य कसं लागंल? उलटं पापच की हो!"

"अगं बाई! मग काय घालू?"

"घागरभर पाणी आणा. नळाचं धरलेलं, एक दिवस ठेवून शिळं केलेलं. शनीला त्येच चालतं."

सुमन, नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या या गावात, जिथं हंड्यावरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, तिथं तू लोकांकडून माशांसाठी पाणी आणवलंस! आणि आणलं त्यांनी. डोक्यावर घागर घेऊन, पदर खोचून. टाकीतलं जुनं पाणी तू मोगऱ्याला घालायचीस आणि त्याच बायकांना जाताना ओंजळभर कळ्या द्यायचीस. मी एकदा खवचटपणे म्हटलं, "एवढं पाणी माशांवर घालवतेस." लगेच उत्तर. "माशांचं पाणी मोगऱ्याला जातं. तुमच्या स्कूटर धुण्याचं कुठं जातं?" त्यानंतर मी स्कूटर ओल्या फडक्यानं पुसायला लागलो.

मग तुझ्या माहेरचा नाला बुजवायला घेतला. भावांनी जमीन विकली, प्लॉट पडले, मुरूम टाकायला ट्रक लागले. भावांना तू एका शब्दानं बोलली नाहीस. मला म्हणालीस, "स्कूटर काढा." गुडघाभर पाण्यात उतरलीस, साडीचा ओचा खोचून, मच्छरदाणीचं जाळं घेऊन. मी काठावर बादली धरून उभा. पलीकडं जेसीबी घरघरत होता. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून आला. "मावशी, काय हरवलं का?" "व्हय बाबा, माझं माहेर हरवलं. जरा थांब, जेवढं गावंल तेवढं घेते." बिचारा खरोखर थांबला. विडी ओढत बसला.

येताना छावणीत आठवडी बाजार भरलेला. तू मागं बसलेली, मांडीवर बादली, बादलीवर पदर. पदराला ऐकतोय का डोकऱ्या? कांद्याच्या ढिगापाशी खड्डा आला आणि एकानं टुणकन उडी मारली, थेट कांद्यात. कांदेवाला ओरडला, "साप! साप!" सगळा बाजार पांगला. आणि तू स्कूटरवरून उतरून, ढिगात हात घालून, "साप न्हाय रे दादा, पाहुणा हाय पडेगावचा," म्हणत त्याला अलगद उचललंस. कांदेवाल्यानंच त्याच्या तांब्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं. तो उडी मारणारा म्हणजेच हा आपला फौजदार. त्या नाल्याचं आता नावही कुणी घेत नाही, वर तीन मजली घरं उभी आहेत. तिथलं जे काही उरलंय ते या शोकेसमध्ये. फौजदार आणि त्याची फौजदारीण. बस्स.

तुझी एकच इच्छा होती. या जोडीला पिलं व्हावीत. "यांच्यात बाप सांभाळतो पोरं," तू सांगायचीस. मला वाटायचं, टोमणा आहे. तू लहानपणी नाल्यावर बघितलं होतंस म्हणे, मोठा डोकऱ्या आणि त्याच्याभोवती मोहरीएवढ्या पिलांचा ढग. तुझी सावली पाण्यावर पडली की पिलं गायब! ना पळताना दिसत, ना वाळूत लपताना. बाप तेवढा जागच्या जागी. कुठं जात असतील? वैशाली एकदा म्हणाली, "आई, मोबाइलवर शोधून देऊ का? मिनिटात कळेल." तू तिच्या हातातला मोबाइल उलटा करून ठेवलास. "नको. मी बघून सांगीन तुला." इतकी वर्षं वाट बघितलीस. इतकी वर्षं! आयतं उत्तर घेणाऱ्यातली तू नव्हतीसच.

आता कळलं ना, फौजदारानं अन्न सोडलं तेव्हा माझ्या पायाखालची वाळू का सरकली? तो गेला असता तर तुझं माहेर दुसऱ्यांदा बुजलं असतं. आणि या वेळी माझ्या हातून.

त्यात त्याचा गळा सुजायला लागला. जबड्याखाली फुगवटा, गालगुंड झाल्यासारखा. रंग काळवंडला. फौजदारीण त्याच्याभोवती घिरट्या घालायची, तो हलायचा नाही. कुसुमताई येऊन बघून गेली. "श्रावण पाळतोय रे. मागल्या जन्मीचा कुणी तरी पुण्यवान," म्हणाली आणि जाताना घागरभर पाणी ठेवून गेली. मी मात्र घाबरलो. पैठण गेटकडं माशांचं दुकान आहे, तिथं गेलो. मालकाला सगळं सांगितलं. "कोणता मासा?" "नाल्यातला." तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी दवाखान्यात उंदीर घेऊन आलोय. तरी त्यानं गाठीवरचं म्हणून एक निळं औषध दिलं. अर्धी बाटली ओता, जगला तर जगला म्हणाला.

आज सकाळी बाटलीचं झाकण काढलं. हात टाकीवर नेला. आणि सुमन, हात पुढं जाईना. तू काही तिथं उभी नव्हतीस, मला भास वगैरे झाला नाही, मी तसला माणूस नाही. पण इतक्या वर्षांत टाकीत हात घालायच्या आधी तू मला काय म्हणायचीस? "लई घाई तुम्हाला. आधी बघा की!" पाणी बदलायचं असो, खापर हलवायचं असो, तू आधी मशीनचं स्टूल ओढायचीस, बसायचीस, हात मांडीवर ठेवायचीस आणि नुसतं बघत राहायचीस. एक ब्लाउज शिवून होईल इतका वेळ. मला ते कधी जमलं नाही. मोटार बंद पडली की खोलायची, हा माझा धंदा.

बाटली खाली ठेवली. स्टूल ओढलं. बसलो.

कितीतरी वेळ काहीच नाही. फौजदार खापराच्या तोंडाशी, कल्ले हळूहळू हलतायत. मधूनच जबडा चावल्यासारखा हलवायचा. मी म्हटलं, काही खात नाही तर चघळतोय काय हा? अजून जवळ गेलो, नाक काचेला टेकवलं. आणि त्यानं तोंड उघडलं.

सुमन, पिलं! तोंडातून पिलं बाहेर आली गं! मोहरीएवढी, डोळ्यांचे नुसते ठिपके. एक, मग चार, मग ढगच. त्याच्या डोळ्यांसमोर, परांवर, पाठीवर तरंगायला लागली. आणि तो उपाशी, खंगलेला, इतक्या दिवसांचा भुकेला गडी तोंड आ करून स्तब्ध उभा. एकाला गिळलं नाही. मी आनंदानं उठलो, माझी सावली टाकीवर पडली, आणि सगळी पिलं एका क्षणात परत आत! त्यानं तोंड मिटलं. पाणी रिकामं.

मिळालं ना उत्तर? बापाच्या तोंडात जात्यात गं, बापाच्या तोंडात!

मी तिथंच खाली बसलो आणि हसलो. मग रडलो. मग पुन्हा हसलो. तू गेल्यापासून मोकळा रडलो नव्हतो. रझियाभाभी आवाज ऐकून धावत आल्या, मला वाटतं दार तोडायच्या बेतात होत्या. "क्या हुआ भाई?" मी नुसतं टाकीकडं बोट दाखवलं. म्हटलं, "भाभी, याला गम-बिम काही नाही. याच्या तोंडात लेकरं आहेत." त्या बसल्या स्टुलावर, बघत राहिल्या. पिलं पुन्हा बाहेर आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. "या अल्ला! बाजी देखती तो!"

तू बघितलं असतंस तर! एवढंच राहून गेलं बघ. थोडी थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

आता तुझ्यावर रागावतो. रागवायचं नाही असं ठरवलं होतं, पण सकाळपासून राहवत नाही. तूही अशीच होतीस. वैशाली बाळंतपणाला आली तेव्हा तुझ्या पोटात दुखायला लागलं होतं. मला दिसत होतं, जेवणावरून तुझं मन उडालंय. विचारलं तर म्हणायचीस, "काय नाय हो, पित्त हाय." पहाटे उठून डिंकाचे लाडू वळलेस, बाळाला न्हाऊ-माखू घातलंस, शेक-शेगडी केलीस, बारसं केलंस. लेक पुण्याला मार्गी लागली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणालीस, "चला आता, दवाखान्यात जाऊ." किती सहज! डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि आधी तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आधी यायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

लोक म्हणतात, केवढी माउली! मीही म्हणतो. तुझ्यासारखी बाई मी बघितली नाही, बघणारही नाही. पण सुमन, मी काय परका होतो? माझ्या कानात तरी सांगायचंस. एकटीनं का धरून ठेवलंस सगळं?

आणि बघ, तुझ्यावर चिडता चिडता मी आरशापुढं आलो. वैशाली रोज संध्याकाळी फोन करते. "बाबा, जेवलात?" "हो तर! वरण-भात, वर तूप." खरं तर चहा आणि पाव. गेल्या सोमवारी न्हाणीघरात डोळ्यांपुढं अंधारी आली, पडलो. कोपर सोललं, कपाळाला टेंगूळ आलं. तिनं व्हिडिओ लावायला सांगितला तर मी म्हटलं, फोनचा कॅमेरा बिघडलाय. मोटारी दुरुस्त करणारा माणूस, आणि कॅमेऱ्याचं निमित्त! तिचं बाळ अंगावर पितंय, तिच्या जिवाला घोर नको, म्हणून. हे मी तुझ्याकडूनच उचललं. तुझ्या इतक्या चांगल्या गोष्टी होत्या, आणि उचललं काय तर हे!

सकाळपासून त्या फौजदाराकडं बघतोय. तो उपाशी आहे कारण त्याच्या तोंडात कुणीतरी जगतंय. मी उपाशी राहून कोण जगणार आहे? आणि त्यानं तोंड उघडलं म्हणून काय झालं? पिलं कुठं गेली नाहीत. त्याच्याभोवतीच फिरत राहिली.

दुपारी भाभींचा डबा पूर्ण खाल्ला. मेथीची भाजी होती, जरा खारट होती, पण खाल्ली. निळं औषध मोरीत ओतलं. पिलं मोठी झाली की भाभींच्या अंगणातल्या हौदात थोडी सोडेन, थोडी कुसुमताईकडं. तिची ती घागर आता कामी येईल. गल्लीत ज्यांनी ज्यांनी तुझ्या माशांना पाणी घातलं त्यांच्या दारात पडेगावचा नाला थोडा थोडा वाहील. त्यांना बजावीनच, कणीक घालायची नाही.

आणि तुला शब्द देतो, सुमन. आज वैशालीचा फोन आला की खरं सांगणार. चक्कर, कोपर, चहा-पाव, सगळं. व्हिडिओ लावून कपाळाचं टेंगूळ दाखवणार. ती रडेल, ओरडेल, आत्ताच्या आत्ता पुण्याला या म्हणेल. म्हणू दे. मी म्हणेन, मी येतो दाखवायला डॉक्टरकडं, पण आधी तू ये. बाळाला घेऊन ये. तुझ्या आईनं तुला सांगेन म्हटलं होतं ना, ते मी दाखवतो.

फोन वाजतोय. उचलतो.

तुझाच,
अहो